लस टोचलेल्या जागी पाच महिन्यांनंतरही खाजणारी गाठ

मैथिली:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. पण तपशील गाळले तर उत्तर देणाऱ्यांचीच पंचाईत होते, म्हणून सगळे क्रमाने लिहिते.

माझी मुलगी आता दोन वर्षांची होईल. दीड वर्षाची असताना तिला घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या एकत्रित लसीचा बूस्टर डोस डाव्या मांडीत दिला होता. त्या रात्री अंग थोडे तापले, मांडीला जराशी सूज आली आणि दोन दिवसांत सगळे निवले. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी आंघोळ घालताना त्याच जागी, त्वचेच्या खाली, वाटाण्याएवढी टणक गाठ माझ्या हाताला लागली. गाठ दुखत नाही, लाल नाही, गरमही लागत नाही. खाजते मात्र विलक्षण. झोपेत ती त्या जागी इतकी ओरबाडते की सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. गाठीवरची त्वचा आता तपकिरी पडली आहे आणि तिथली लव बाकीच्या मांडीपेक्षा दाट झाली आहे. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे तिला सर्दी झाली की गाठ फुगते, खाज वाढते, आणि सर्दी ओसरली की गाठ पुन्हा पहिल्याएवढी होते. हा माझ्या मनाचा खेळ असेल असे आधी वाटले. पण तीन वेळा तसेच घडलेले पाहिले आहे.

पहिल्या डॉक्टरांनी आत पू धरला असावा असे समजून सात दिवसांचे अँटिबायोटिक दिले, त्याने काहीच फरक पडला नाही. दुसऱ्यांनी गाठ काढून तपासणीला पाठवू असे सुचवले. लसीशी याचा संबंध असेल का, असे मी विचारले तेव्हा ‘पाच महिन्यांनी लसीचा काय संबंध?’ एवढेच उत्तर मिळाले आणि विषय तिथेच संपला. घरी सासूबाईंचे म्हणणे असे की आता पुढची एकही लस द्यायची नाही. मला तसे करायचे नाही, पण त्यांना समजावून सांगायला माझ्याकडे काही नाही, हेही खरे.

हा प्रकार लसीमुळे होऊ शकतो का? गाठ काढून टाकावी का? आणि पुढच्या लसींचे काय करावे? कोणाला माहिती किंवा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

डॉ. शर्वरी:

मैथिलीताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मूल प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही आणि करूही नये. तरीही लस टोचलेली नेमकी जागा, दुखण्यापेक्षा कितीतरी अधिक असलेली खाज, गाठीवर वाढलेली लव आणि सर्दीबरोबर गाठीचे फुगणे या चार गोष्टी एकत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिले नाव येते ते ॲल्युमिनियममुळे होणाऱ्या ग्रॅन्युलोमाचे, म्हणजे प्रतिकारपेशी एका जागी साठून झालेल्या गाठीचे. सर्दीचा संबंध तर मुळीच मनाचा खेळ नाही. अशा गाठी असलेल्या मुलांच्या पालकांनी हेच निरीक्षण पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे आणि वैद्यकीय लेखनात त्याची नोंदही आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. जंतूचे शुद्ध केलेले एखादे प्रथिन नुसतेच टोचले तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाही. तेच प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षारावर चिकटवून दिले की प्रतिसाद चांगला येतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ साली घटसर्पाच्या टॉक्सॉइडवर (निरुपद्रवी केलेल्या जंतुविषावर) काम करताना दाखवले. तेव्हापासून हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेटच्या रूपातले हे क्षार अत्यल्प प्रमाणात अनेक लसींत असतात. बहुतेकांच्या स्नायूतून ते हळूहळू विरघळून निघून जातात. काही थोड्या मुलांमध्ये मात्र भक्षकपेशी हे कण गिळून त्याच जागी ठाण मांडून बसतात, त्यांच्याभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि आपल्या बोटांना लागते ती गाठ तयार होते. यातल्या बऱ्याच मुलांना ॲल्युमिनियमची संपर्कजन्य ॲलर्जीही झालेली आढळते. खोट्या दागिन्यांतल्या निकेलने कानाच्या पाळीला खाज सुटते, त्याच जातीची ही ॲलर्जी. गांधी उठवणाऱ्या किंवा श्वास कोंडवणाऱ्या ॲलर्जीशी तिचा संबंध नाही, आणि हा फरक तुमच्या सासूबाईंना जरूर सांगा.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९९० च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीच्या चाचण्या झाल्या, तेव्हा सुमारे ७६,००० मुलांपैकी ६४५ मुलांना अशा खाजणाऱ्या गाठी आल्या. म्हणजे प्रमाण शंभरात एकाहून कमी. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांची ॲल्युमिनियमची पॅच टेस्ट (त्वचेवर पदार्थ चिकटवून ॲलर्जी पाहण्याची चाचणी) सकारात्मक निघाली. मला स्वतःला ही संख्या दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. एक तर ती ‘कधीच न ऐकलेल्या’ आजाराची संख्या नाही. दुसरे म्हणजे इतकी मुले असूनही बहुतेक डॉक्टरांना ही गाठ ओळखता येत नाही, कारण लस आणि गाठ यांच्यामध्ये बराच काळ गेलेला असतो. गाठ लसीनंतर दोन आठवड्यांनी लक्षात येऊ शकते, तशीच वर्षभरानेही येऊ शकते. त्यामुळे तुम्हाला मिळालेले ‘पाच महिन्यांनी काय संबंध’ हे उत्तर या बाबतीत टिकत नाही.

गाठ काढण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती निरुपद्रवी असते आणि आपली आपण विरते. मात्र त्याला कधी काही महिने तर कधी कित्येक वर्षे लागतात. काढल्यावर व्रण राहतो आणि खाज पुन्हा सुरू झाल्याचीही उदाहरणे आहेत. शिवाय तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात लिम्फोसाइटचे असे दाट पुंजके दिसतात की लसीची माहिती नसलेल्या पॅथॉलॉजिस्टला लिम्फोमाची (लिम्फोसाइटच्या कर्करोगाची) शंका येऊ शकते, आणि मग एका साध्या गाठीपायी सगळे घर हवालदिल होते. बायोप्सी करण्याची वेळ आलीच तर तपासणीच्या कागदावर ‘लस टोचलेली जागा’ हे शब्द लिहिले गेले आहेत ना, हे स्वतः पाहा. गाठ झपाट्याने वाढली, तिच्यावर जखम झाली, पू आला, ताप येऊ लागला किंवा काखेत, मानेत अथवा दुसऱ्या एखाद्या असंबद्ध जागी गाठी आल्या, तर मात्र थांबू नये.

खाजेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइडचे मलम ठरावीक दिवस लावता येते. नखे बारीक कापलेली ठेवा आणि रात्री गाठीवर साधी पट्टी चिकटवा. पुढच्या लसी थांबवू नका. त्या दुसऱ्या मांडीत किंवा वयानुसार दंडात, स्नायूत पुरेशा खोलवर दिल्या जाव्यात. पुन्हा गाठ येण्याची शक्यता आहे, हे मी लपवणार नाही; पण एका बाजूला खाज आणि दुसऱ्या बाजूला डांग्या खोकला किंवा धनुर्वात अशी तुलना करायची तर मला फार विचार करावा लागत नाही.

चारुलता:

मैथिली, तुमचा प्रश्न वाचताना सात वर्षांपूर्वीची मीच मला दिसले. माझ्या मुलाला दोन्ही मांड्यांवर अशा गाठी होत्या, कारण एकाच दिवशी दोन्ही मांड्यांत दोन वेगवेगळ्या लसी दिल्या होत्या आणि दोन्हींत ॲल्युमिनियम होते, हे पुढे कळले. मला तिसऱ्या डॉक्टरांकडे उत्तर मिळाले. त्यांनी गाठीला हात लावण्याआधी लसीकरणाचे कार्ड मागितले आणि टोचल्याची जागा बोटाने मोजून पाहिली. आधीच्या दोघांनी ते कार्ड उघडलेही नव्हते.

आमच्या मुलाची पॅच टेस्ट केली होती. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवून दोन दिवस तशाच ठेवल्या, तिसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा काहीच नव्हते आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांनी मात्र सातव्या दिवशी पुन्हा बोलावले, आणि तेव्हा एका चकतीच्या जागी लालसर, बारीक फोडांचा गोल उमटलेला होता. ही प्रतिक्रिया पुष्कळदा उशिरा उमटते, असे त्यांनी सांगितले.

प्रत्यक्ष व्यवहारात काय उपयोगी पडले ते लिहिते. मलमापेक्षा पट्टी अधिक उपयोगी पडली, कारण नख आणि त्वचा यांच्यामध्ये काहीतरी असले की झोपेतले ओरबाडणे कमी होते. घट्ट, घासणारी विजार टाळली. ‘खाजवू नकोस’ असे म्हणणे मी काही महिन्यांनी सोडून दिले. त्याऐवजी गार पाण्याची घडी ठेवायला त्यालाच शिकवले. पुढच्या सगळ्या लसी दिल्या. त्यातल्या एका वेळी दंडावर अगदी लहान गाठ आली, बाकीच्या वेळी काहीही झाले नाही. तो सहा वर्षांचा होईपर्यंत मांडीवरच्या गाठी बोटांना लागत होत्या, नंतर कधी गेल्या ते आमच्या लक्षातही आले नाही.

शंकासुर:

डॉक्टरांचे उत्तर मुद्देसूद आहे, तरी दोन शंका उरतात. पहिली अशी की शंभरात एकाच्या जवळपास मुलांना होणारी गोष्ट पालकांना आधी का सांगितली जात नाही? ताप येईल, जागा दुखेल, एवढे सांगितले जाते आणि बाकीचे पालकांनी रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधायचे, हे काही बरोबर नाही. दुसरी शंका अशी की ॲल्युमिनियमने हे होते हे माहीत असताना ते लसीतून काढून का टाकत नाहीत? मी लसींच्या विरोधात नाही, माझ्या दोन्ही मुलांना सगळ्या लसी दिल्या आहेत. पण प्रश्न विचारला की माणसाला लगेच विरोधकांच्या रांगेत उभे केले जाते, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

डॉ. शर्वरी:

शंकासुर, तुमची पहिली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. सांगायला अर्धे मिनिट पुरते आणि त्या अर्ध्या मिनिटाने पुढची अनावश्यक अँटिबायोटिके आणि शस्त्रक्रिया वाचू शकतात. न सांगितल्यामुळे लसींवरचा विश्वास वाढतो असे ज्यांना वाटते त्यांनी मैथिलीताईंच्या घरातले संभाषण वाचावे.

दुसऱ्या शंकेबद्दल असे की सगळ्याच लसींत ॲल्युमिनियम नसते. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडावाटे द्यायची पोलिओची आणि रोटाव्हायरसची लस यांत जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असतात, त्यांना अशा साहाय्यकाची गरज पडत नाही. कोविडच्या काही लसी ज्या प्रकारच्या आहेत त्या एमआरएनए लसींतही ते नसते. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी, न्युमोकोकल आणि एचपीव्ही यांच्या लसींमध्ये मात्र ते काढून टाकले तर प्रतिकारशक्ती पुरेशी तयार होत नाही, आणि त्या जागी येणारा नवा पदार्थ शंभर वर्षे वापरलेल्या पदार्थापेक्षा निरुपद्रवी असेलच, याची हमी कोणी द्यायची? घटक बदलून फायदा झाल्याचे उदाहरणही आहे. जपानमध्ये डांग्या खोकल्याच्या एकत्रित लसीतून जिलेटिन काढल्यानंतर जिलेटिनयुक्त लसींनी येणाऱ्या तीव्र ॲलर्जीच्या घटना स्पष्टपणे कमी झाल्या. नोंदी झाल्या, कारण सापडले, म्हणून तो बदल होऊ शकला.

मुक्ता:

विषय थोडा वेगळा आहे, पण याच सदरात बसेल असे वाटते. २०२१ मध्ये एमआरएनए प्रकारची कोविड लस घेतल्यावर पहिले दोन दिवस माझा दंड दुखला आणि बरा झाला. आठव्या दिवशी सकाळी त्याच दंडावर तळहाताएवढा लाल, गरम, खाजरा चट्टा उमटला. मला जंतुसंसर्गावरचे अँटिबायोटिक दिले गेले, जे मी घेतले आणि ज्याची गरज नव्हती हे नंतर कळले. चार-पाच दिवसांत चट्टा विरला. पुढे बूस्टर घेतल्यावर दहाव्या दिवसापासून अंगावर पित्त उठू लागले, ते काही महिने अधूनमधून उठतच राहिले. हे दोन्ही प्रकार एकाच ॲलर्जीचे होते का, हे मला आजवर कोणी नीट सांगितलेले नाही.

डॉ. शर्वरी:

मुक्ता, तुमचा पहिला अनुभव पाठ्यपुस्तकात घालावा इतका नमुनेदार आहे. मॉडर्ना कंपनीच्या एमआरएनए कोविड लसीच्या मोठ्या चाचणीत आठव्या दिवशी किंवा त्यानंतर टोचलेल्या जागी येणारी अशी प्रतिक्रिया पहिल्या डोसनंतर ०.८ टक्के आणि दुसऱ्या डोसनंतर ०.२ टक्के लोकांत आढळली होती. पुढे मार्च २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा १२ रुग्णांचे वर्णन छायाचित्रांसह आले, आणि तेव्हा कुठे जगभरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा हात आखडता घेतला. जंतुसंसर्ग ओळखायची एक खूण अशी की तो दुखतो, पसरत जातो आणि माणूस आजारी दिसू लागतो. तुमच्यासारख्या चट्ट्यात खाज प्रमुख असते आणि तब्येत ठणठणीत असते. त्वचारोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत एमआरएनए लसींनंतरच्या ४१४ त्वचा-प्रतिक्रिया जमा झाल्या होत्या. त्यात पहिल्या डोसनंतर प्रतिक्रिया आलेल्या ज्या व्यक्तींच्या दुसऱ्या डोसची माहिती मिळाली, त्यांच्यापैकी ४३ टक्के जणांनाच ती पुन्हा आली, आणि गंभीर प्रतिक्रिया एकालाही आली नाही.

दुसरा प्रकार वेगळा आहे. लसीनंतर काही मिनिटांत किंवा फार तर चार तासांत गांधी उठल्या तर ती तत्काळ ॲलर्जी असू शकते, आणि पुढच्या डोसआधी तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक ठरते. दहा दिवसांनी उठणारे पित्त त्या जातीचे नसते. लसीने जागी झालेली प्रतिकारयंत्रणा त्वचेतल्या मास्टपेशींना (खाज आणणारी रसायने सोडणाऱ्या पेशींना) चाळवते, अशी त्यामागची कल्पना आहे. त्यावर गुंगी न आणणाऱ्या अँटिहिस्टामाइन गोळ्या नियमित घेणे हा उपाय.

घरी करण्यासारखी एक सोपी तपासणी सांगते, कारण मी ती रोज रुग्णांकडून करून घेते. उठलेल्या एका गांधीभोवती बॉलपेनने कड आखा, वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. पित्ताची गांधी एका जागी चोवीस तास टिकत नाही. ती विरते आणि दुसरीकडे नवी उठते. कडेच्या आत चट्टा तसाच असेल, दुखत असेल किंवा जाताना जांभळट डाग मागे ठेवत असेल, तर ते साधे पित्त नाही आणि रक्तवाहिन्यांना सूज आली आहे का, हे तपासावे लागते.

वंदनाताई:

मी लसीकरणाचे काम अनेक वर्षे करते आहे, म्हणून टोचणाऱ्या हाताच्या बाजूने थोडे लिहिते. स्नायूत द्यायची लस वरच्यावर, त्वचेखालच्या चरबीत राहिली तर सूज, लाली आणि गाठी अधिक होतात. बाळाच्या मांडीसाठी आखूड सुई ‘बिचाऱ्याला कमी दुखेल’ म्हणून घेतली जाते. प्रत्यक्षात १६ मिलिमीटरच्या सुईपेक्षा २५ मिलिमीटरच्या सुईने दिलेल्या लसीची स्थानिक प्रतिक्रिया कमी असते, हे तपासून पाहिलेले आहे. आमच्याकडे नवी आलेली मुलगी आधी आखूडच सुई उचलते, आणि तिची ती माया चुकीच्या जागी आहे हे समजावून सांगावे लागते.

पालक घाबरून फोन करतात तेव्हा मी पुरळ कसे दिसते हे नंतर विचारते. आधी विचारते ते कोणती लस आणि कितवा दिवस. गोवराच्या लसीनंतर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास शंभरातल्या पाचेक मुलांच्या अंगावर फिकट पुरळ येते आणि जाते. कांजिण्यांच्या लसीनंतर काही मुलांना पहिल्या तीन-चार आठवड्यांत मोजून पाच-सहा पुटकुळ्या येतात. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुटकुळी, मग छोटी जखम, मग खपली आणि वण, हा तर ठरलेला क्रम आहे. तिथे मलमे चोपडत बसू नये. याउलट, मुलाला पाच दिवस ताप आहे, डोळे लाल आहेत आणि जुनी बीसीजीची खूण अचानक लालबुंद झाली आहे, असे कोणी सांगितले तर मी त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात पाठवते, कारण ती कावासाकी आजाराची खूण असू शकते आणि त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो.

मोठ्या माणसांत एक गोष्ट वारंवार दिसते. जरा खरचटले की धनुर्वाताचे इंजेक्शन, असे करत करत वर्षा-दोन वर्षांनी डोस घेणारे लोक असतात. अशांच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच भरपूर असल्यामुळे काहींचा दंड टोचल्यापासून चार ते बारा तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत सुजतो आणि ठणकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस आर्थस यांनी १९०३ मध्ये सशांना घोड्याचा सीरम पुन्हा पुन्हा टोचून जी प्रतिक्रिया दाखवली, तिचेच हे माणसातले रूप. असे एकदा झालेल्या व्यक्तीला साधारणपणे दहा वर्षांच्या आत ती लस पुन्हा देत नाहीत. जुने डोस कुठेच लिहिलेले नसतात, म्हणून हे घडते.

लसीबरोबर दिलेल्या औषधाचीही नोंद ठेवा. ताप येऊ नये म्हणून पाजलेल्या पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनने चट्टा उठतो आणि दोष लसीच्या माथी येतो. दर वेळी अगदी त्याच जागी गोल, काळपट चट्टा उठत असेल तर संशय आधी औषधावर घ्यावा. माझ्या आठवणीतल्या एका मुलाच्या ओठाजवळ असा डाग होता. त्याच्या आईने वर्षभर लसीला बोल लावले. पुढे साध्या तापात औषध दिल्यावर तोच डाग पुन्हा उजळला, तेव्हा खरे कारण कळले.

आता ज्या लक्षणांत घरी थांबायचे नाही ती सांगते. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे, मूल एकदम मलूल पडणे. त्वचेवर फोड येऊन ती सोलवटणे, किंवा पुरळाबरोबर तोंडात, डोळ्यांत वा लघवीच्या जागी जखमा होणे. तसेच काचेचा पेला दाबून धरला तरी न मावळणारे लाल-जांभळे ठिपके. हे ठिपके प्लेटलेट कमी झाल्याने येऊ शकतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतर साधारण ३०,००० ते ४०,००० डोसांमागे एका मुलात असे घडते. प्रत्यक्ष गोवराच्या आजारात तेच सुमारे ६,००० मुलांमागे एकाला आणि रुबेलात ३,००० मुलांमागे एकाला होते. बहुतेक मुलांचे प्लेटलेट काही आठवड्यांत पूर्ववत होतात, तरी रक्ततपासणी त्याच दिवशी करायची.

शेवटी नोंदीबद्दल. ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’ म्हणून अशा गोष्टी कळवता येतात. लसीनेच झाले हे सिद्ध करून मग कळवायचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत आधी घटना नोंदवतात, आणि मग ती लसीतल्या घटकामुळे घडली, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, टोचण्याच्या धास्तीमुळे की निव्वळ योगायोगाने, हे तपासतात. मैथिली, तुमच्या मुलीची गाठ नोंदवली गेली पाहिजे.

सुहास:

याच अनुषंगाने विचारतो. माझ्या मुलाला जन्मापासून इसब आहे. इसब असलेल्यांनी लस घेऊ नये असे आमच्या घरातली जुनी माणसे ठामपणे सांगतात. वरील चर्चेनंतर ती भीती निराधार वाटते, पण ती आली कुठून असावी?

डॉ. शर्वरी:

ती भीती एके काळी अगदी खरी होती. देवीच्या लसीत व्हॅक्सिनिया हा जिवंत विषाणू असे. इसब असलेल्या व्यक्तीच्या त्वचेवर तो टोचलेल्या जागेपुरता न राहता सगळ्या इसबाळ भागावर पसरे, पाणीदार फोडांनी अंग भरे आणि काही रुग्ण दगावत. घरातल्या एकाला लस दिली आणि त्याच्या दंडावरच्या खपलीतून विषाणू इसब असलेल्या भावंडाला लागला, असेही होई. म्हणून तेव्हा इसब असलेल्यांनाच नव्हे, त्यांच्या घरच्यांनाही ती लस टाळायला सांगत. १९८० मध्ये देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, लस बंद झाली. सूचना मात्र आजी-आजोबांच्या स्मरणात राहिली, आणि ती त्यांनी प्रेमापोटीच पुढे दिली. आजच्या नेहमीच्या वेळापत्रकातल्या लसींना ती लागू नाही. एम्पॉक्ससाठी (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) सध्या वापरतात त्या एका लसीतला व्हॅक्सिनिया माणसाच्या पेशीत वाढू शकत नाही, म्हणून ती इसब असलेल्यांनाही देता येते. फक्त इसब चिघळलेल्या, ओल्या जागी सुई टोचू नये, स्वच्छ त्वचा निवडावी.

मैथिली:

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्ड काढून पाहिले. लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि ‘डावी मांडी’ हे तिन्ही त्यावर लिहिलेले आहे, आणि त्याच दिवशी त्याच मांडीत न्युमोकोकलचा राहिलेला डोसही दिला होता, हे मी साफ विसरून गेले होते. सासूबाईंना निकेलच्या कानातल्याचे उदाहरण सांगितले. त्यांना स्वतःला ते कानातले चालत नाही, त्यामुळे बाकी काही समजावावे लागले नाही. गाठ काढण्याची ठरलेली वेळ रद्द केली असून पुढच्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणार आहोत. एकच विचारायचे राहिले: पॅच टेस्ट आताच करून घ्यावी का?

डॉ. शर्वरी:

घाई नाही. चित्र इतके स्पष्ट असेल तर चाचणीने आजचा उपचार बदलत नाही, लसींचा निर्णयही बदलत नाही, आणि लहान मुलाच्या पाठीवर दोन दिवस चकत्या टिकवणे हे एक दिव्यच असते. शिवाय स्वीडनमध्ये काही वर्षांनी पुन्हा तपासलेल्या मुलांपैकी बहुतेकांची ही ॲलर्जी नाहीशी झाल्याचे दिसले आहे. मुलगी मोठी होऊन घामाचा वास रोखणारे फवारे वापरू लागेल आणि काखेत खाज सुटेल, तेव्हा ॲल्युमिनियमची आठवण ठेवा. कार्डावर मात्र आजच पेनने लिहून ठेवा: डावी मांडी, दोन लसी, सहा आठवड्यांनी खाजणारी गाठ.

मैथिली:

लिहिले. रात्री पट्टी लावली तेव्हा तिने आधी बाहुलीच्या मांडीवर लावायला लावली, मग स्वतःच्या. आज सकाळी चादर स्वच्छ होती.